बसायला लागण्याआधी

ध्यान सुरू करावं असं ज्यांच्या मनात येतं, त्यांची पहिली अडचण बहुतेक वेळा जागेची असते. शीवमध्ये तर हमखास. दीड खोलीचं घर, त्यात चार-पाच माणसं, पहाटे पाण्याची ठरलेली वेळ, मग डब्यांची घाई, आणि आंबेडकर रस्त्यावरून शीव रुग्णालयाकडे जाणाऱ्या रुग्णवाहिकांचे भोंगे रात्रंदिवस. “आमच्या घरात कुठली आली शांतता? रिटायर झालो, गावाला गेलो की बसू,” हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की या पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्याचा विचार करावा असं ठरवलं. गावाला जायची वाट पाहत वीस-पंचवीस वर्षं निघून जातात, आणि ज्या काळात मनाला सर्वांत जास्त आधार हवा असतो तो काळ नेमका तोच असतो. कर्ज, मुलांच्या परीक्षा, आईवडिलांची आजारपणं, नोकरीतली धाकधूक. हे पुस्तक त्या वर्षांसाठी आहे.

जागेची अडचण खरीच आहे, आणि जुनीही आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन कसं असावं ते थोडक्यात येतं: स्वच्छ जागी, स्थिर, फार उंच नाही, फार सखल नाही. ज्ञानेश्वरांनी त्या सूचनेवर एक अख्खं रमणीय स्थान उभं केलं. तिथं गेलेल्या माणसाला उठावंसंच वाटू नये असं ते स्थान. पण एवढं वर्णन केल्यावर ते व्यवहारावर येतात. तिथं मठ चालेल, शिवालयही चालेल, असं सांगतात. त्या काळच्या गावातल्या माणसाच्या हाताशी असलेली निवांत जागा म्हणजे शिवालयच, आणि ज्ञानेश्वरांना ते ठाऊक होतं. आपल्या हाताशी काय आहे ते आपण बघायला हवं.

प्रतीक्षानगरमधल्या एका ताईंकडे मी ते पाहिलं. पाणी भरून झालं की त्या पिंप झाकतात, ओल्या लादीवरून पोतेरं फिरवतात, ओट्याशेजारी पाट टाकतात आणि बसतात. मुलं झोपलेली, नवरा रात्रपाळीहून यायचा असतो, कुकर लावायला अजून अवकाश असतो. पाणी भरण्याच्या आवाजाने जागं झालेलं घर पुन्हा झोपतं, ती वीसेक मिनिटं त्यांनी आपलीशी केली आहेत. त्यांच्या घरात दुपारी किंवा संध्याकाळी बसायला वीतभर जागा मिळणार नाही. पहाटे मात्र तीच जागा निवांत असते. लहान घरात राहणाऱ्यांनी जागेऐवजी वेळ शोधावी, हे मी त्यांच्याकडून शिकले. सापडलेली वेळ फार लांब नसली तरी चालते. रोज तीच असली की पुष्कळ झालं.

ध्यान हे रिकामा वेळ असणाऱ्यांचं, घरदार सोडलेल्यांचं काम, ही समजूत या शहरात तरी टिकू नये. आपल्या आसपास घडलेल्या तीन गोष्टी त्यासाठी सांगते.

पहिली धर्मानंद कोसंबींची. गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस बुद्धाच्या ओढीने घर सोडून निघाला. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश अशी पायपीट करत पाली शिकला, भिक्षू झाला, ब्रह्मदेशात ध्यानाला बसला. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवलं, हार्वर्डला जाऊन ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं. एवढी विद्वत्ता गाठीशी असताना त्यांनी मराठीत ‘समाधिमार्ग’ हे छोटं पुस्तक लिहिलं, साध्या वाचकाला ध्यानाचे विषय कळावेत म्हणून. आणि १९३७ मध्ये त्यांनी बहुजन विहार उभारला तो परळला, गिरण्यांच्या भोंग्यांवर दिवस चालणाऱ्या कामगारांच्या वस्तीत. शांत जागा हवी असती तर त्यांना ती दुसरीकडे सहज मिळाली असती. त्यांनी परळ निवडलं, याला माझ्या लेखी फार मोल आहे.

दुसरी गोष्ट परळचीच, केईएम रुग्णालयातली. तिथले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं, आणि १९६९ मध्ये ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात त्यावर निबंध प्रसिद्ध केला. सहकाऱ्यांपैकी विनेकर हे लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेचे, स्वामी कुवलयानंदांच्या परंपरेतले. रुग्णांना काय सांगितलं होतं ते मुद्दाम वाचण्यासारखं आहे. उताणं झोपायचं, हात अंगापासून थोडे दूर, डोळे मिटलेले. श्वास सावकाश आणि पोटाने घ्यायचा. श्वास आत आल्यावर किंचित थांबायचं, बाहेर गेल्यावर त्याहून थोडं जास्त. आणि लक्ष नाकपुड्यांशी ठेवायचं: आत येणारी हवा गार लागते, बाहेर जाणारी उबदार लागते. रोज अर्धा तास. बहुतेकांना हे नीट जमायला सुमारे तीन आठवडे लागले. पुष्कळांचा रक्तदाब उतरला किंवा गोळ्यांची गरज कमी झाली. सगळ्यांना गुण आला असं नाही. तुलनेसाठी वेगळा गट त्या अभ्यासात नव्हता, हेही सांगायला हवं. पण त्यातून एक वाट निघाली. पुढे इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी शवासनाला यंत्राची जोड देऊन तसेच प्रयोग केले. त्यांचा पहिला निबंध १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि १९७५ मध्ये त्यांनी नीट तुलनागट ठेवून तो तपासला.

मला दातेंच्या निबंधातल्या आकड्यांपेक्षा ती माणसं दिसतात. महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढून रांगेत बसणारी माणसं. त्यांच्यातल्या कुणालाही मोक्ष नको होता, डोकं जड व्हायचं थांबलं असतं तरी पुरे होतं. त्यांना गार हवा आणि उबदार हवा एवढं ओळखायला सांगितलं, आणि ते त्यांना आलं.

तिसरी गोष्ट दातेंच्या निबंधाच्याच वर्षातली. जून १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून सत्यनारायण गोएंका भारतात आले. मंडालेत जन्मलेले, रंगूनमध्ये व्यापार करणारे, मारवाडी कुटुंबातले गृहस्थ. त्यांनी १९५५ मध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून विपश्यना ही ध्यानपद्धती शिकली होती. ऊ बा खिन हेही भिक्षू नव्हते, ते ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, आणि आपल्या कार्यालयातल्या लोकांना ध्यान शिकवत. गोएंकांचं भारतातलं पहिलं शिबिर ३ ते १३ जुलै १९६९ या दिवसांत मुंबईतल्या पंचायती वाडी धर्मशाळेत झालं. चौदा जण बसले, त्यांत त्यांचे आईवडीलही होते. मुंबईचा जुलै म्हणजे काय ते सांगायला नको. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून शिबिरं भरू लागली, आणि गोराईचा पॅगोडा तर २००९ मध्ये खुला झाला, ज्याच्या घुमटाखाली आठ हजार माणसं एका वेळी बसू शकतात. सुरुवात मात्र धर्मशाळेतल्या चौदा जणांपासून झाली.

गोएंकांची एक हकीकत नवशिक्यांनी लक्षात ठेवावी. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता, परदेशातले डॉक्टर करून झाले होते. त्यासाठी ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर नुसतं डोकं दुखायचं थांबावं म्हणून येत असाल तर नको, असं उत्तर मिळालं. दुसरीकडे केईएममध्ये आजार हेच निमित्त होतं. मग खरं कोणतं धरायचं? माझं मत असं की आत यायला कोणतंही दार चालेल. झोप लागत नाही म्हणून या, राग आवरत नाही म्हणून या, नातेवाइकांनी आग्रह केला म्हणून या. पण बसल्यावर रोज उठून मोजमाप करू नका. आज किती शांत वाटलं, कालच्यापेक्षा बरं की वाईट, हा हिशेब सुरू झाला की बसणं बाजूला राहतं आणि निकालाची वाट पाहणं सुरू होतं. ऊ बा खिन यांच्या नकारामागे मला हीच काळजी दिसते.

आता प्रत्यक्ष बसल्यावर काय होतं ते. यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण नव्याने बसणारे सोडून देतात ते इथंच.

सूचना सोपी असते. पाठ ताठ, मान सरळ, अंग सैल. श्वास जसा येतो तसा येऊ द्यायचा, मुद्दाम लांबवायचा नाही, रोखायचा नाही. नाकपुड्यांच्या कडेला, वरच्या ओठाच्या वर, तो जिथं लागतो तिथं लक्ष. तुम्ही दोन श्वास पाहता. तिसऱ्याला रस्त्यावरून भोंगा येतो. कान तिकडे जातात. कोण असेल आत? शीवच्या माणसाचं कुणी ना कुणी त्या रुग्णालयात राहून आलेलं असतं, त्यामुळे विचार तिथं थांबत नाही. आईला नेलं होतं ती रात्र आठवते. मग त्या वेळी न आलेला भाऊ आठवतो. त्याला आपण काय बोलायला हवं होतं ती वाक्यं जुळायला लागतात. जबडा घट्ट होतो. मग त्याच्या मुलीचं लग्न, आहेर किती करायचा, बँकेतली शिल्लक. आणि मग कधीतरी, तीन मिनिटांनी किंवा सात मिनिटांनी, एकदम ध्यानात येतं की अरे, आपण श्वास पाहायला बसलो होतो.

इथं बहुतेक जण म्हणतात, “माझं मन काही लागत नाही, मला हे जमणार नाही.” मी त्यांना सांगते की जमलं ते याच क्षणी. भोंग्यापासून आहेरापर्यंतची साखळी दिवसभर, आयुष्यभर चालूच होती, आज पहिल्यांदा ती चालू असताना दिसली. दिसली की काही न बोलता, स्वतःवर न चिडता, पुढच्या श्वासापाशी यायचं. परत सुटेल, परत यायचं. दहा मिनिटांत वीस वेळा सुटलं आणि वीस वेळा आलात तर ती बैठक वाया गेली असं मी कधीच म्हणणार नाही. भटकणं हा कुणा एकाचा दोष नाही. हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० माणसांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं होतं की आत्ता तुमचं लक्ष हातातल्या कामात आहे का. जवळजवळ ४७ टक्के वेळा लक्ष दुसरीकडे होतं. आणि लक्ष दुसरीकडे असताना माणसं कमी समाधानी होती.

या भटकण्यावर जुन्यांनी एक उपाय दिला आहे, तो मला फार आवडतो. ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ पाचव्या शतकातला. त्यात बुद्धघोष नवशिक्याला श्वास मोजायला सांगतात, आणि मर्यादाही घालून देतात: पाचाच्या आत थांबू नये, दहाच्या पुढे जाऊ नये. पाचाच्या आत थांबलं तर अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखं मन धडपडतं. दहाच्या पुढे गेलं तर लक्ष श्वासावरून उडून आकड्यावर बसतं. पंधराशे वर्षांपूर्वी कुणीतरी स्वतः बसून, स्वतःच्या मनाशी झगडून हे शोधलं आहे, हे वाचताना कळतं. गोएंकांच्या परंपरेत मोजणी सांगत नाहीत, श्वास नुसता जाणायचा असतो. दोन्ही वाटा सच्च्या आहेत. ज्यांचं मन अगदीच सैरभैर आहे त्यांनी पहिले काही दिवस मोजावं, स्थिरावलं की मोजणी सोडावी, असं मी सुचवते. एकाच बैठकीत मात्र दोन्ही करू नये.

बौद्ध परंपरेत ध्यानातले पाच अडथळे सांगितले आहेत: हवंहवंसं वाटणं, राग, सुस्ती, अस्वस्थता आणि शंका. पतंजलींनी नऊ सांगितले, त्यांतही आळस आणि संशय आहेतच. यादी पाठ करायची गरज नाही. पण पहाटे पाणी भरून दमलेल्या माणसाला डुलकी येते तेव्हा त्याला वाटतं की आपणच नालायक. तसं नसतं. सुस्ती हा ओळखीचा पाहुणा आहे, दोन हजार वर्षांपूर्वीही तो येत होता. तोंडावर पाणी मारा, डोळे अर्धवट उघडा, उभं राहून दहा श्वास पाहा. तरीही झोप येत असेल तर रात्रीची झोप कमी पडते आहे, ती आधी पुरी करा. गीताही अति जागणाऱ्याला आणि अति झोपणाऱ्याला योग साधत नाही असंच सांगते.

शरीराबद्दल थोडक्यात. मांडी घालता येत असेल तर घाला, बुडाखाली चादरीची घडी घ्या म्हणजे गुडघे खाली टेकतात आणि कंबर ताठ राहते. पायाला मुंग्या आल्या तर सावकाश पाय बदला. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्यांनी खुर्चीत बसावं, तळवे जमिनीला टेकवून. खुर्चीत बसलेल्याचं ध्यान कमी प्रतीचं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नये. पाठदुखीवाल्यांनी केईएमच्या रुग्णांसारखं झोपून करावं, झोप लागण्याची जोखीम पत्करून.

एक गोष्ट मात्र मी ठासून सांगणार आहे. ध्यान हे औषधाच्या जागी नाही. रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, मनाच्या आजारावरच्या गोळ्या, यांतली एकही डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करायची नाही. ज्यांना तीव्र नैराश्य आहे, भास होतात, किंवा पूर्वी मनोविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी आधी आपल्या मनोविकारतज्ज्ञांशी बोलावं. तासन् तास मौनात बसणं अशा वेळी झेपत नाही, कधी त्रास वाढतो. शिबिराच्या अर्जात मनाच्या आजारांबद्दल विचारतात ते उगाच नाही, तिथं काही लपवू नये. घरी बसतानाही छातीत धडधड, घुसमट, जुन्या भयंकर आठवणींचा लोंढा असं काही झालं तर डोळे उघडावेत, खिडकीशी जावं, घरातल्या कुणाशी बोलावं. त्या दिवशी पुन्हा बसू नये. हे हरणं नाही. शिकवणारा जवळ नसताना आपली काळजी आपणच घ्यायची असते.

काही जण विचारतात, आम्ही वारकरी, आमचं नामस्मरण चालू आहे, मग हे वेगळं कशाला? वेगळं हवंच असं मुळीच नाही. नाम घेताना मन कुठं जातं ते पाहून पुन्हा नामावर आणणं, यात आणि श्वासावर आणणं यात मला विरोध दिसत नाही. ज्याचं नाम आयुष्यभर ओठांवर आहे त्याने तेच धरावं. दादरच्या चैत्यभूमीवर दरवर्षी जाणारे आमचे शेजारी बुद्धवंदनेनंतर आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याची साधना, करतात. त्यांच्यासाठी ही बाबासाहेबांनी दिलेल्या धम्माची साधना आहे. नमाज पढणारे, चर्चला जाणारेही आमच्याबरोबर बसले आहेत. श्वास पाहायला कुणाला काही सोडावं लागत नाही. म्हणून या पुस्तकात देव आहे की नाही, यावर मी काही लिहिलेलं नाही.

पुस्तकाची रचना साधी ठेवली आहे. पहिला भाग तीन आठवड्यांचा. त्यात रोज दहा मिनिटं, एकच वेळ, एकच जागा, आणि नाकपुड्यांशी श्वास. बाकी काही नाही. तीन आठवडे हा कालावधी मी दातेंच्या रुग्णांवरून उचलला, नंतर तो आमच्याबरोबर ध्यानाला बसणाऱ्यांनाही पटला. दुसऱ्या भागात वेळ वीस मिनिटांवर नेला आहे, आणि सुस्ती, वेदना, कंटाळा यांतल्या एकेकाला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. कंटाळ्याचं प्रकरण सगळ्यांत लांब झालं. पहिल्या आठवड्यातली नवलाई ओसरली की तोच येतो, आणि अर्ध्याहून जास्त माणसं त्याच्या हाती लागतात. तिसरा भाग घरातल्या इतरांसाठी आहे: कुणी बसलं असताना टीव्हीचा आवाज किती ठेवावा, मुलांना काय सांगावं, आणि सासूबाईंना हे विचित्र वाटत असेल तर त्यांनाही शेजारी कसं बसवून घ्यावं.

शेवटचं प्रकरण पुढे जाणाऱ्यांसाठी आहे. पुस्तकाने शिकता येतं ते इतपतच, पुढे शिकवणारं माणूस लागतं. ज्यांना दहा दिवस काढता येतील त्यांनी इगतपुरीचं किंवा जवळचं शिबिर जरूर करावं. पहिले साधारण तीन दिवस नुसतं आनापान, मग विपश्यना. शिकवण्याची, राहण्या-जेवणाची फी नसते. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. नाव घालण्याआधी ते प्रकरण घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, कारण पहाटे चारला घंटा होते आणि तिथं फोन, वाचन, लिहिणं, बोलणं सगळं बंद असतं. घरात कुणी आजारी असेल, मुलांच्या परीक्षा असतील तर तारीख पुढची घ्या. मध्येच उठून येऊ नका असं तिथं सुरुवातीलाच सांगतात, आणि घरची काळजी मनात घेऊन गेलेल्याला तेच सर्वांत कठीण जातं.